टोकामॅकमधील प्रवाहचालन

चुंबकीय क्षेत्राने कोंडलेल्या प्लाझ्मात, म्हणजे अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या अतितप्त वायूत, विद्युतप्रवाह निर्माण करून तो टिकवून धरण्याच्या पद्धतींना प्रवाहचालन म्हणतात. अणुसंलयनासाठीच्या, म्हणजे हलकी अणुकेंद्रके जुळवून ऊर्जा मिळवण्यासाठीच्या, टोकामॅक या कड्याच्या आकाराच्या यंत्रात बाहेरच्या वेटोळ्यांचे क्षेत्र एकटे पुरत नाही. प्लाझ्मातल्या प्रवाहाचे क्षेत्र त्यात मिसळले की क्षेत्ररेषांना पीळ पडतो आणि त्या पिळामुळे प्लाझ्मा भिंतीपासून दूर राहतो. फ्रान्समध्ये उभारल्या जाणाऱ्या इटर या आंतरराष्ट्रीय टोकामॅकमध्ये हा प्रवाह १.५ कोटी अँपिअर असेल. भुसावळजवळच्या दीपनगर केंद्रातल्यासारखे ५०० मेगावॉटचे जनित्र पूर्ण भाराला दर फेजला साधारण १६ हजार अँपिअर देते. त्याच्या हा जवळजवळ हजारपट.

प्रवाह सुरू करणे त्या मानाने सोपे. रावेर-यावलच्या केळीबागांतल्या मोटारींना वीज पुरवणारी डीपी, म्हणजे रोहित्र, ज्या तत्त्वावर चालते तेच इथे वापरतात : मध्यभागी प्राथमिक वेटोळे आणि दुय्यम वेटोळ्याच्या जागी खुद्द प्लाझ्मा. मात्र डीपीतल्या प्रवाहाची दिशा सतत उलटसुलट होत असते, तर प्लाझ्मातला प्रवाह एकाच दिशेने वाहता हवा. त्यासाठी प्राथमिक वेटोळ्यातला प्रवाह एकाच बाजूला बदलत न्यावा लागतो. त्याची मर्यादा गाठली की रेटा संपतो, प्लाझ्माही विझतो. अखंड वीज देणाऱ्या केंद्राला हे चालणार नाही, आणि टोकामॅकची खरी अडचण हीच आहे.

त्यावर उपाय म्हणून वेगवान उदासीन अणूंचे झोत किंवा सूक्ष्मलहरी प्लाझ्मात सोडतात. भौतिकशास्त्रज्ञ नॅथॅनिएल फिश यांनी १९७८ मध्ये सुचवलेली युक्ती विशेष सुंदर आहे. लहरींनी मुळातच वेगात असलेल्या इलेक्ट्रॉनांना क्षेत्ररेषेच्या दिशेने ढकलायचे. इलेक्ट्रॉन जितका वेगवान तितक्या त्याच्या टकरी कमी, त्यामुळे एकदा दिलेला रेटा जास्त वेळ टिकतो. जपानच्या ट्रायम-१एम यंत्राने २००३ मध्ये अशा लहरींच्या बळावर प्लाझ्मा पाच तासांहून अधिक काळ राखला, अर्थात अगदी लहान प्रवाहावर. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतील एसएसटी-१ यंत्रासाठीही ३.७ गिगाहर्ट्झची लहरयंत्रणा आहे.

लहरींची किंमत मात्र जबर. इटरएवढा प्रवाह केवळ त्यांच्यावर चालवायचा तर केंद्राने निर्माण केलेल्या विजेचा मोठा वाटा त्यातच जाईल. सुदैवाने प्लाझ्माचा दाब मध्यापासून कडेकडे उतरत जातो आणि त्या उतारामुळे काही प्रवाह आपोआप वाहू लागतो. १९७१ मध्ये सिद्धांताने वर्तवलेला हा प्रवाह पुढे प्रयोगांत दिसला. अखंड चालणाऱ्या टोकामॅक-वीजकेंद्रांच्या आराखड्यांत प्रवाहाचा बराच भार त्याच्यावर सोपवतात. झोतांनी आणि लहरींनी उरलेली तूट भरून काढायची.