पाठीतला रॉड आणि त्यामागचं हाड : कण्याच्या फ्यूजन शस्त्रक्रियेची पार्श्वभूमी

परळच्या ऑर्थो ओपीडीत पाठीवर उभा लांब व्रण असलेला रुग्ण आपली केस एका वाक्यात सांगतो : 'पाठीत रॉड टाकलाय.' पिशवीतून एक्स-रे निघतो. त्यात दोन पांढऱ्या सळया आणि दोन्ही बाजूंना स्क्रूंची रांग. घरच्यांची समजूत अशी की आता कणा या सळयांवर उभा आहे. तसा तो पहिलं वर्षभर असतो, फार तर. तेवढ्यात मणके एकमेकांना हाडाने जोडले गेले, म्हणजे फ्यूजन झालं, तर सळीचं काम संपतं. नाही जोडले गेले, तर प्रत्येक पावलाला किंचित वाकत राहिलेली सळी एक दिवस मोडते. शंभरहून अधिक वर्षं सर्जन याच शर्यतीत आहेत, आणि शर्यतीची सुरुवात धातूशिवाय झाली होती.

ओढून सरळ करण्याची कल्पना त्याहून कितीतरी जुनी. कृष्णाने कुब्जेची पावलं आपल्या पायाने दाबून धरली आणि दोन बोटांनी तिची हनुवटी वर उचलली, ही गोष्ट आपल्याकडच्या स्पाइनवरच्या व्याख्यानांत इतक्यांदा येते की आता ऐकणारे घड्याळ बघतात. पण त्यातलं बलांचं गणित चोख आहे. खालचं टोक धरायचं, वरचं ओढायचं. हिप्पोक्रॅटिसच्या काळी रुग्णाला शिडीला बांधून ती शिडी उंचावरून आपटत. सोळाव्या शतकात आंब्रवाझ पारेने छिद्रं पाडलेल्या लोखंडी पत्र्याचे पट्टे बनवले. ओढ सैल झाली की पाठ पुन्हा आपल्या वळणावर.

मणके कायमचे जोडण्याची गरज आधी भासली ती वाकड्या पाठीसाठी नव्हे, टीबीसाठी. लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये कुबड आणि पायांतली ताकद जाणं यांचा संबंध मांडला. मणक्याच्या टीबीला आजही पॉट्स स्पाइन म्हणतात. टीबी मणक्याचा पुढचा भाग खातो, मागची कमान शाबूत राहते, म्हणून कणा पुढे कोसळतो. १९११ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोघांनी स्वतंत्रपणे उपाय काढला. फ्रेड अल्बी यांनी मणक्यांचे मागचे काटे उभे चिरून त्या खाचेत नडगीच्या हाडाची पट्टी बसवली. रसेल हिब्ज यांनी बाहेरचं हाड आणलंच नाही. त्यांनी काटे मुळाशी तोडून खालच्या मणक्यावर टेकवले, कमानीवरून हाडाच्या ढलप्या उचलून शेजारच्या कमानीवर वळवल्या आणि मागच्या छोट्या सांध्यांतली कूर्चा खरवडून काढली. ही शेवटची पायरी आजही वगळता येत नाही. कूर्चा राहिली की सांधा हलतो आणि हलत्या जागी हाड धरत नाही.

हिब्ज यांनी १९१४ मध्ये हेच तंत्र स्कोलिओसिसला, म्हणजे बाजूला वाकलेल्या कण्याला, लावलं आणि १९२४ मध्ये ५९ रुग्णांचा अहवाल दिला. शस्त्रक्रियेआधी प्लास्टरने वाक कमी करायचा, मग जोड, मग पुन्हा महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये आडवं पडणं. १९४१ मध्ये अमेरिकन ऑर्थोपेडिक असोसिएशनच्या समितीने ४२५ रुग्णांचा हिशेब मांडला तेव्हा चित्र निराशाजनक होतं : फ्यूजन केलेल्यांपैकी साधारण चौथ्या हिश्शात हाड जोडलंच गेलं नव्हतं, आणि बऱ्याच जणांचा मिळवलेला सरळपणा पुन्हा हरवला होता. जोड कच्चा राहण्याला सूडोआर्थ्रोसिस म्हणतात, म्हणजे खोटा सांधा. वाक मोजायची सर्वमान्य रीतही तेव्हा नव्हती. ती १९४८ मध्ये जॉन कॉब यांनी रूढ केली : वळणातला सर्वांत कललेला वरचा मणका आणि तसाच खालचा मणका, या दोघांच्या कडांवर रेषा ओढायच्या आणि त्यांच्यातला कोन मोजायचा. या मोजमापात पाच अंशांचा फरक सहज पडतो. दोन एक्स-रेंत तीन अंश वाढ दिसली म्हणून हबकून जाणाऱ्या आईवडिलांना हे आधी सांगायला हवं.

धातू आला पोलिओमुळे. पोटाचे, पाठीचे स्नायू एका बाजूला लुळे पडले की कणा लांबलचक इंग्रजी 'सी'सारखा झुकतो, श्वासाला जागा उरत नाही, आणि अशा मुलांना प्लास्टर सोसत नाही. ह्यूस्टनमध्ये पॉल हॅरिंग्टन यांच्यासमोर अशी मुलं रांगेने होती. त्याच सुमाराला, १९४७ मध्ये, मुंबईत फातिमा इस्माइल यांनी पोलिओग्रस्त मुलांसाठी दवाखाना सुरू केला. हाजी अलीच्या मुलांच्या ऑर्थोपेडिक रुग्णालयाची मुळं त्या कामात आहेत.

हॅरिंग्टन यांची पोलादी सळी, १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेली, म्हणजे कुब्जेची गोष्ट पाठीच्या आत नेलेली. वळणाच्या आतल्या बाजूला वर एक हुक, खाली एक हुक, मध्ये खाचा पाडलेली सळी. जॅकसारखं एकेक खाच पुढे सरकवायचं की दोन टोकं लांब होतात. सुरुवातीच्या रुग्णांत त्यांनी फक्त सळी बसवली, हाड जोडलं नाही. हुक निसटले, सळया मोडल्या, बहुधा खाचा संपून गुळगुळीत भाग सुरू होतो तिथे, कारण ताण तिथेच साठतो. मग फ्यूजन सक्तीचं झालं, आणि तरीही सहा ते नऊ महिने प्लास्टरचं जॅकेट होतंच. मुंबईच्या मे महिन्यात छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टर म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

या सळीचा खरा दोष वीस वर्षांनी कळला. ती सरळ होती. कंबर सरळ नसते. सळी चौथ्या-पाचव्या कंबरमणक्यापर्यंत नेली की कमरेची नैसर्गिक खोल पन्हळ ओढून सपाट होई. असे रुग्ण चाळिशीत पुढे झुकायला लागले, नजर समोर ठेवायला गुडघे वाकवून उभे राहू लागले. याला फ्लॅटबॅक म्हणतात. समोरून काढलेल्या एक्स-रेत ही शस्त्रक्रिया उत्तम दिसायची. बाजूने काढलेल्या एक्स-रेकडे तेव्हा फारसं कुणी पाहत नव्हतं.

मेक्सिको सिटीचे एदुआर्दो लुके यांना वेगळी अडचण होती. गरीब रुग्ण, उकाडा, प्लास्टर घालून घरी पाठवलं तर परत येण्याची खात्री नाही. १९७० च्या दशकात त्यांनी प्रत्येक मणक्याच्या कमानीखालून तार ओवून ती सळीला पिळून बांधली. दोन टोकांवरचा भार सगळ्या मणक्यांत वाटला गेला आणि प्लास्टर गेलं. धोका ओवण्यात होता : तार मज्जारज्जूच्या आवरणाला घासूनच जाते. तिचं टोक फार सरळ ठेवलं तर आत टोचतं. ओवल्यावर दोन्ही बाजूंनी ताणून धरली नाही तर मधला फुगा रज्जूवर दाबतो. इंग्लंडच्या हार्टशिल रुग्णालयात याच कल्पनेतून बंद चौकट निघाली. ती स्वस्त होती, म्हणून आपल्या सरकारी-पालिका रुग्णालयांत टीबी आणि फ्रॅक्चरसाठी 'हार्टशिल' अनेक वर्षं घराघरातल्या भांड्यासारखी ओळखीची राहिली.

१९८३ मध्ये फ्रान्सच्या कोत्रेल आणि द्युबुसे यांनी ओढण्याऐवजी फिरवायला घेतलं. स्कोलिओसिसमध्ये मणका नुसता बाजूला सरकत नाही, स्वतःभोवती पिळतो. बरगड्यांचा उंचवटा त्या पिळाचा. अनेक हुक, वळण दिलेली सळी, आणि ती जागच्या जागी नव्वद अंश फिरवायची. बाजूचा वाक मागचा बाक होऊन बसतो. हुकची जागा मग पेडिकल स्क्रूने घेतली. मणक्याची मागची कमान पुढच्या भागाला जोडणाऱ्या हाडाच्या खांबातून, म्हणजे पेडिकलमधून, तो पुढे जातो. रॉय-कामिल यांनी तो १९६० च्या दशकात कमरेत वापरला होता, पण छातीच्या मणक्यांत, जिथे वाट कधी कधी चार-पाच मिलिमीटरचीच असते, तो नेण्याचं धाडस कोरियाच्या से-इल सुक यांनी १९९० च्या दशकात रुळवलं.

आजच्या शस्त्रक्रियेत रुग्णाला पालथं झोपवतात, पोट अधांतरी. पोट दाबलं गेलं तर पोटातल्या शिरांचा दाब कण्याभोवतीच्या शिरांवर चढतो आणि रक्तस्राव वाढतो. स्नायू हाडालगत सोडवून बाजूला करतात, मागच्या सांध्याचा खालचा ओठ कापतात, स्क्रूच्या प्रवेशाची जागा ड्रिलने उघडून बोथट प्रोब हाताच्या जाणिवेने आत सरकवतात. मऊ हाडात तो खरखरत जातो. एकदम 'धस्स' गेला तर भिंत फुटली समजायचं. मग गोल टोकाच्या बारीक सळईने चारही भिंती आणि तळ चाचपायचा, नंतरच स्क्रू. वाक काढताना रक्तदाब पडू द्यायचा नाही, कारण ताणलेल्या रज्जूचा रक्तपुरवठा तेव्हा काठावर असतो. शेवटी कमानींचा वरचा थर खरवडून लाल हाड दिसेपर्यंत आणायचा आणि हाडाचा चुरा पसरायचा. सहा तास चाललेल्या शस्त्रक्रियेत हे काम सर्वांत शेवटी, सगळे थकलेले असताना येतं. जोड कच्चा राहण्याचं एक कारण तिथेच आहे, असं आमचं स्पष्ट मत.

रज्जूला इजा ही सगळ्यांत जुनी भीती. अमेरिकेतल्या स्कोलिओसिस रिसर्च सोसायटीच्या १९७५ च्या अहवालात तिचं प्रमाण हजारात सुमारे सात होतं. १९७३ मध्ये फ्रान्समधल्या व्होझेल आणि स्टान्यारा यांनी वेक-अप टेस्ट सुचवली : वाक काढल्यावर भूल हलकी करायची, रुग्णाला आधी हाताची मूठ वळायला सांगायचं, मग पाय हलवायला. मूठ वळली आणि पाय हलला नाही, तर सळी सैल करायची. आता डोक्यावरून विजेचे संदेश सोडून पायांच्या स्नायूंत ते पोचतात का हे सतत पाहतात. संदेश निम्म्याहून खाली आला की क्रम ठरलेला : रक्तदाब वाढवा, हिमोग्लोबिन आणि तापमान बघा, शेवटचा स्क्रू तपासा, केलेली दुरुस्ती उलटवा. यंत्रच गप्प झालं तर पन्नास वर्षांपूर्वीची मूठ आणि पाय.

टीबीची वाट मात्र मुंबईत कधी बंद झाली नाही. हाँगकाँगमध्ये हॉजसन आणि स्टॉक यांनी १९५६ पासून समोरून, छाती उघडून सडलेला मणका काढून बरगडीचा टेकू देण्याची पद्धत मांडली. पुढे ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचण्यांनी दाखवलं की बहुतेक रुग्ण नुसत्या औषधांनी, अंथरुणाला न खिळता बरे होतात; हाँगकाँग शस्त्रक्रियेचा खरा फायदा कुबड कमी राहण्यात आहे. वाराणसीच्या डॉ. सु. म. तुली यांनी मधला मार्ग सांगितला : औषध सगळ्यांना, चाकू ज्याला गरज त्यालाच. बरगडीचा टेकूही सर्वत्र टिकत नाही. मणक्यांमधल्या दोन चकत्यांहून लांब अंतरावर तो मोडतो किंवा निसटतो, म्हणून मागून स्क्रूंचा आधार आला. जंतू असलेल्या जागी धातू ठेवावा का, या शंकेला १९९३ मध्ये जपानी संशोधकांनी उत्तर दिलं : टीबीचा जंतू पोलादावर इतर जंतूंसारखा थर धरत नाही.

मुलांचं गणित निराळं. टीबी बरा होतो, कुबड वाढतच राहतं. कोइम्बतूरच्या डॉ. एस. राजशेखरन यांनी २००१ मध्ये एक्स-रेवरची चार लक्षणं सांगितली. त्यांपैकी दोनहून जास्त दिसली तर ते मूल लवकर शस्त्रक्रियेला घ्यावं. उशिरा, बऱ्या झालेल्या कुबडावर रज्जू ताणून लुळेपणा आल्यावर आलेल्या रुग्णात आख्खा मणका मागूनच काढावा लागतो. तेव्हा कणा काही मिनिटं दोन तुकड्यांत असतो. एका बाजूची तात्पुरती सळी आधी बसवल्याशिवाय शेवटचा हाडाचा पूल कापायचा नाही.

मुंबईची स्वतःची भर मानेच्या वरच्या टोकाला आहे. पहिला आणि दुसरा मणका एकमेकांवर सरकला की रज्जू चिमटतो. १९३९ पासून तिथे तारांनी हाड बांधत, आणि ते डळमळायचं. १९९४ मध्ये केईएम रुग्णालयाचे न्यूरोसर्जन डॉ. अतुल गोयल आणि डॉ. लाहेरी यांनी दोन्ही मणक्यांत बाजूने वेगवेगळे स्क्रू घालून ते प्लेटने जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. सांधा प्रत्यक्ष उघडायचा, कूर्चा घासून काढायची, कमरेच्या हाडाचे तुकडे आत ठासायचे. म्हणजे पुन्हा हिब्ज यांची पायरी. वाटेत शिरांचं जाळं असतं, ते भळाभळा वाहतं आणि दाबून धरूनच थांबतं. जागा मिळावी म्हणून मानेतल्या दुसऱ्या मज्जातंतूची गाठ कापली तर डोक्याचा मागचा भाग बधिर राहतो. मणक्याच्या धमनीचं वळण वर चढलेलं असेल तर स्क्रूची दिशा आधी सीटीवर ठरवावी लागते. २००१ मध्ये जर्मनीच्या हार्म्स यांनी प्लेटऐवजी सळी वापरली. आज हे तंत्र जगभर गोयल-हार्म्स नावाने चालतं.

पक्क्या स्क्रूंनी जुने प्रश्न मिटवले आणि नवे आणले. साठीपुढच्या ठिसूळ हाडात ताठ सळी जिथे संपते, त्याच्या लगेच वरचा मणका पिचतो किंवा पुढे झुकतो. तो कोन दहा अंशांनी वाढला की त्याला प्रॉक्सिमल जंक्शनल कायफोसिस म्हणतात. कमरेची पन्हळ ओटीपोटाच्या हाडाच्या कोनाशी दहा अंशांत जुळवावी हा नियम फ्लॅटबॅकमधून शिकलेला, पण म्हाताऱ्या पाठीला तरुणाइतकं सरळ केलं की हाच प्रकार वाढतो. वरच्या टोकाचे अस्थिबंध उघडताना तोडले असतील तर आणखी.

जोड पक्का झाला का, हे वर्षाच्या एक्स-रेवर बघतात. स्क्रूभोवती काळी कडा दिसली तर तो हलतोय. सळी मोडलेली दिसली तर दुखत नसलं तरी सीटी करायचा. कधी कधी चित्र दिसण्याआधी रुग्णच सांगतो : लोकलमध्ये चढताना पाठीत 'कट्' झालं, आणि दुसऱ्या दिवसापासून शर्ट एका बाजूला लोंबायला लागला.