बंदिवासातील शिकारी पक्षी : परिसर-समृद्धी

परिसर-समृद्धी म्हणजे पिंजऱ्यातील प्राण्याला आपल्या जातीच्या स्वभावाप्रमाणे वागता यावे, थोडीफार निवड करता यावी, म्हणून त्याच्या जागेत, खाण्यात व दिनक्रमात मुद्दाम केलेले बदल. प्राणिसंग्रहालयांत आणि उपचार केंद्रांत काम करणारे लोक सर्रास ‘एन्रिचमेंट’ हाच शब्द वापरतात. बंदिवासातल्या प्राण्याला करायला कामच उरत नाही, ही अडचण स्विस प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर (१९०८–९२) यांनी नेमकी मांडली. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेत हॅल मार्कोविट्झ यांनी गिबन वानरांना खटपट केल्यावरच खाणे मिळेल अशी साधने त्यांच्या पिंजऱ्यांत बसवली. शिकारी पक्ष्यांकडे मात्र बराच काळ कुणाचे फारसे लक्ष गेले नाही.

याला कारण त्या पक्ष्यांचे बसणे. माकड कंटाळले की ते कुणालाही दिसते. शिकरा किंवा घुबड तासन्‌तास एका जागी बसून राहते आणि पाहणाऱ्याला त्यात काहीच खटकत नाही. शिवाय हे बसणे नैसर्गिकही आहे. रानातला शिकरा पोट भरल्यावर झाडाच्या आडोशाला बसूनच राहतो, उगाच उडून शक्ती वाया घालवत नाही. म्हणून या पक्ष्याला सतत हलते ठेवणे हा समृद्धीचा हेतू नव्हे. कुठे बसायचे, उन्हात की सावलीत, माणसाच्या नजरेसमोर की आड, हे त्याचे त्याला ठरवता आले आणि खाण्यासाठी पंजा, चोच व मान वापरावी लागली, की बरेच काम होते. पोपटाच्या पिंजऱ्यात टांगतात तशी रंगीत खेळणी येथे बहुधा माणसाच्याच समाधानासाठी असतात.

कोल्हापूरला शिकारी प्राणी पदरी बाळगण्याची सवय जुनी. छत्रपती शाहू महाराजांच्या (कारकीर्द १८९४–१९२२) पदरचे चित्ते आणि त्यांना सांभाळणारे चित्तेवान यांच्या गोष्टी शहरात अजून सांगितल्या जातात. शिकारीपर्यंत चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवत. ससाण्यालाही तशीच टोपी घालतात, कारण जे दिसत नाही त्याने जनावर बिथरत नाही. पक्ष्यांकरवी शिकार दख्खनला त्याआधीपासून ठाऊक होती. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त ‘श्येनविनोद’ असे प्रकरणच आहे. आज असे पक्षी बाळगणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. जखमी पक्षी सापडला तर तो वन विभागाकडे द्यायचा. त्यासाठी १९२६ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

आता पिंजऱ्यात येतात ते वेगळ्याच वाटांनी. पतंगाच्या नायलॉन मांजात पंख कापला गेलेली घार, जुना वाडा पाडताना माळ्यावर सापडलेली गव्हाणी घुबडाची पिल्ले, विजेच्या तारेला चिकटलेला पक्षी, अमावस्येच्या खुळापायी पकडलेले घुबड. यातले काही महिन्याभरात उडून जातात. पंख कायमचा गेलेला पक्षी मात्र पुढची अनेक वर्षे पिंजऱ्यातच काढतो, आणि समृद्धीची खरी गरज त्याला असते.

सुरुवात खाण्यापासून होते, आणि चुकाही तिथेच सर्वाधिक होतात. कोल्हापुरात पिल्लू सापडले की घरात मटण असतेच. त्यातला मऊ, बिनहाडाचा तुकडा प्रेमाने भरवला जातो. नुसत्या मांसात कॅल्शियम फार कमी असते, त्यामुळे वाढत्या पिल्लाची हाडे काही आठवड्यांत वाकू लागतात. दुधात भिजवलेला पाव तर या पक्ष्यांच्या पोटासाठी बनलेलाच नाही. त्यांना हाडे, केस व पिसांसकट अख्खे भक्ष्य लागते: उंदीर, लावा, पोल्ट्रीतील एक दिवसाचे पिल्लू. न पचलेले केस व पिसे पक्षी गोळी करून तोंडावाटे टाकतो. गोळी रोज नीट पडते की नाही, हे अनुभवी सांभाळणारा सकाळी आधी पाहतो.

तेच भक्ष्य ताटलीत न ठेवता जरा अवघड करून देणे ही सर्वांत स्वस्त समृद्धी. मेलेला उंदीर साध्या कागदी पिशवीत गुंडाळून गव्हाणी घुबडापुढे ठेवला, तर पहिली काही मिनिटे काहीच घडत नाही. मग घुबड मान खाली-वर, डावी-उजवी डोलवू लागते. डोळे खोबणीत फिरत नसल्याने अंतराचा अंदाज ते असाच घेते. पिशवीची कड वाऱ्याने खुट्ट वाजली की चेहऱ्याची तबकडी तिकडे वळते. शेवटी एक पाय पुढे येतो, पंजा पिशवीवर आवळला जातो, आणि मगच फाडाफाडी सुरू होते. ताटलीतला उंदीर संपायला जितका वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ यात जातो. पिशवीला स्टेपलची पिन, चिकटपट्टी किंवा दोरा नको. मांजातून सुटलेल्या पक्ष्याच्या पायात पुन्हा दोराच अडकायचा.

बाज पाळणारे लोक पक्ष्याला मुद्दाम चिवट तुकडा देत: कोंबडीची मान, पंखाचे टोक. त्यावर ओढाताण करताना मान आणि पाठीचे स्नायू राबतात, चोच झिजते. पिंजऱ्यात मऊ मांसावर वाढलेल्या पक्ष्याची चोच वाढून वाकडी होते आणि ती कानशीने घासावी लागते. गिधाडांना तर मेलेले अख्खे जनावर द्यावे. ती घोळक्याने खाणारी, भांडणारी जात आहे. वाटून दिलेले तुकडे म्हणजे पंगतीऐवजी डबा. अर्थात त्या जनावराला डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेले नसावे. जनावरांसाठी या औषधावर भारतात २००६ मध्ये बंदी आली, ती गिधाडांच्या मूत्रपिंडावर होणाऱ्या घातामुळेच.

बसण्याच्या दांड्या सगळ्या एका जाडीच्या, गुळगुळीत असल्या की तळव्याच्या ठरावीक जागीच भार पडतो, तिथे घट्टा पडतो, तो चिघळतो. ‘बंबलफूट’ नावाचा हा विकार बंदिवासातील शिकारी पक्ष्यांत फार आढळतो. वजन वाढलेल्या, न उडणाऱ्या पक्ष्यांत तर अधिकच. उपाय कोल्हापूरच्या बाजारात मिळतो: काथ्याची दोरी गुंडाळलेली दांडी, सालीसकट बाभळीची फांदी, एखादा सपाट दगड. जाडी वेगवेगळी, उंची वेगवेगळी; सगळ्यात उंच जागा भिंतीच्या आडोशाला. शिकरा भित्रा असतो. तारेच्या जाळीवर आपटून तो पिसे मोडून घेतो, नाकाजवळ खरचटून घेतो, म्हणून त्याच्या पिंजऱ्याला जाळीऐवजी उभ्या बांबूच्या कामट्या बऱ्या. घुबडाच्या पिंजऱ्याची एक बाजू तट्ट्याने झाकावीच, नाहीतर कावळे व कोतवाल पक्षी दिवसभर बाहेरून कोलाहल करतात. घार मात्र धीट. घरट्यात चिंध्या नि प्लास्टिक गोळा करणाऱ्या या पक्ष्याला बुट्टीत झाकलेला तुकडा किंवा वाळकी काटकी दिली तर तो ती उचलून पाहतो.

अंघोळीसाठी उथळ परात पुरते. पाणी पक्ष्याच्या मांडीपर्यंत, त्याहून जास्त नको.

कोल्हापुरी पावसाळ्यात एका गोष्टीपासून दूर राहावे. उसाचे पाचट इथे फुकट मिळते, तळाला पसरायला मऊ वाटते, त्यात उंदीर लपवायची कल्पनाही सुचते. पण ओलसर पाचटावर बुरशी धरते आणि तिचे बीजाणू पक्ष्याच्या फुप्फुसांत व वायुकोशांत रुजून अ‍ॅस्परजिलोसिस होतो. लक्षणे दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. त्यापेक्षा धुतलेली वाळू बरी.

सोडून द्यायच्या पक्ष्याच्या बाबतीत नियम उलटतात. सांभाळणाऱ्याने कमीत कमी दिसावे, बोलू नये, खाणे आडून सरकवावे. माणसाच्या हातून वाढलेले पिल्लू माणसालाच आपली जात समजू लागते आणि असा पक्षी रानात टिकत नाही. त्याला स्वजातीचा सोबती आणि उडायला लांब पिंजरा हीच समृद्धी. कायमच्या रहिवाशाला मात्र तराजूवर स्वतःहून चढायला शिकवता येते. दीडशे ग्रॅमच्या शिकऱ्याला हातात धरून वजन करण्याचा ताण त्याने टळतो.

नवी वस्तू पहिल्या दिवशी पिंजऱ्याच्या कडेला ठेवून काय दिले, पक्षी त्याला कधी शिवला, गोळी पडली का, हे वहीत लिहावे. पिसे वाढत असताना उपासमार किंवा मोठा ताण झाला तर त्या दिवसांची पुसट आडवी रेघ पिसावर उमटते आणि पुढे पीस तिथेच मोडते. जुने बाजदार गळलेली पिसे जपून ठेवत आणि मोडक्या पिसाच्या पोकळ दांड्यात बसवत. उपचार केंद्रांत हे काम आजही करतात. नव्या पिसावर रेघ दिसली की वहीची पाने मागे उलटून त्या आठवड्यात काय बदलले होते ते शोधायचे.