खुलासा : आंतरराष्ट्रीय अभ्यासाची पदवी आणि परराष्ट्र सेवा

‘आंतरराष्ट्रीय संबंधात एमए केलं की परराष्ट्र सेवेत जाता येतं, नाहीतर पदवी वाया.’ वर्षानुवर्षं ऐकू येणारी ही समजूत दोन्ही टोकांनी चुकीची आहे, आणि तिच्यापायी चांगली मुलं या विषयाकडे फिरकतही नाहीत.

परराष्ट्र सेवेत थेट भरती यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतून होते. तिला कोणत्याही शाखेची पदवी चालते. २०१८ ते २०२० या काळातले परराष्ट्र सचिव विजय गोखले इतिहासाचे एमए आहेत.

मग हा विषय शिकायचा कशासाठी? एखादा प्रदेश खोलवर ओळखण्यासाठी. दिल्लीच्या जेएनयूत चीन, रशिया, पश्चिम आशिया असे प्रदेश निवडून शिकता येतात. सोबत त्या प्रदेशाची भाषा आली, तर संशोधन संस्था, वृत्तमाध्यमं, निर्यात कंपन्या असे कितीतरी दरवाजे उघडतात. भाषेला मी पदवीइतकंच महत्त्व देईन. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, रशियन, जपानी शिकता येते. तिथे नाव नोंदवायला एमएची वाट पाहू नका.

प्राध्यापक व्हायचं असेल तर नेट परीक्षेत ‘इंटरनॅशनल अँड एरिया स्टडीज’ हा स्वतंत्र विषय आहे. परराष्ट्र मंत्रालयही इंटर्नशिप देतं. अर्ज करायला यूपीएससी उत्तीर्ण असावं लागत नाही.