तिरंग्यातली पेटी घरी यायला लागली ती कारगिलपासून

ऑगस्ट २०१८ मध्ये मेजर कौस्तुभ राणे यांचं पार्थिव मीरा रोडला आलं (मीरा रोड कागदोपत्री ठाणे जिल्हा, पण लोकलने जाणाऱ्याला ती मुंबईच), तेव्हा रस्त्यावर जी गर्दी लोटली ती बघून कोणालाही वाटेल की हे असंच पूर्वापार चालत आलंय. ७ ऑगस्टला काश्मीरात गुरेझ सेक्टरमध्ये घुसखोरी रोखताना ते आणि सोबतचे तीन जवान शहीद झाले. वय फक्त २९. पण फुलांनी सजवलेली गाडी, सलामी, 'अमर रहे'च्या घोषणा, हा निरोप आपल्याकडे तसा नवा आहे.

आधीच्या युद्धांत काय व्हायचं तर जो पडला त्याच्यावर तिथेच आसपास अंत्यसंस्कार, घरी एक तार, आणि मागाहून अस्थी. मुंबईत जन्मलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर १६ सप्टेंबर १९६५ ला चाविंडाच्या लढाईत गेले, तर त्यांना जस्सोरानला रणभूमीवरच अग्नी दिला. पारशी माणूस, तरी दहन, कारण त्यांनीच तसं सांगून ठेवलं होतं. त्यांच्याच पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटमधला सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, वय २१, १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत गेला, म्हणजे ढाक्यात शरणागती झाली त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी सांब्याजवळ अंत्यसंस्कार उरकले आणि घरच्यांना कळलं थेट २६ तारखेला! दहा दिवस त्या घरात युद्ध संपलं, आता पोरगा येईल असंच चाललं असणार, हे डोक्यातून जात नाही. दोघांनाही परमवीर चक्र मिळालं, पण घरच्यांना शेवटचं बघता आलं नाही ते नाहीच.

१९९९ ला हे बदललं. युद्ध चालू असतानाच पार्थिवं विमानाने गावोगावी पोचवायला सुरुवात झाली, आणि कारगिल हे घराघरात टीव्हीवर दिसलेलं आपलं पहिलं युद्ध, त्यामुळे तिरंग्यातली पेटी सगळ्या देशाने बघितली. सरकारी आकडा ५२७ जवानांचा. पुढे अॅल्युमिनियमच्या शवपेट्यांच्या खरेदीवरून घोळ झाला, सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने ताशेरे ओढले, ते राजकारण बरंच वर्षं चाललं. मंत्री-पुढाऱ्यांची स्मशानातली हजेरी, त्यांच्या फोटोचे बॅनर हेही त्याच सोबत आलं, आणि ते मला तरी खटकतंच.

मुंबईत त्याआधीची पद्धत बघायची असेल तर कुलाब्याचं अफगाण चर्च बघा. पहिल्या अफगाण युद्धातल्या मृतांसाठी बांधलेलं, १८५८ चं. माणसं तिकडे खिंडीत राहिली आणि नावं इकडे भिंतीवर आली, तीही गोऱ्या अधिकाऱ्यांची. साधा देशी शिपाई त्यात शोधूनही सापडायचा नाही.

नाव ठेवायची ही सवय नंतर चौकांवर आणि पुलांवर आली. विलेपार्ल्याचा कॅप्टन विनायक गोरे पूल रोजच्या ट्रॅफिकच्या बातमीत असतो. पार्ल्यातला हा मुलगा १९९५ ला काश्मीरात शहीद झाला, कारगिलच्या चार वर्षं आधी, तेव्हा कुठलं युद्ध जाहीर नव्हतं त्यामुळे पार्ल्याबाहेर फारशा कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. त्यांच्या आईने पुढे लष्करातल्या जवानांबद्दल लिहायला घेतलं, शाळाशाळांतून बोलायला सुरुवात केली.

मेजर संदीप उन्नीकृष्णन यांच्या बाबतीत सगळं उलटं. लढाई मुंबईत, २६/११ च्या हल्ल्यात ताजमध्ये, आणि पार्थिव गेलं बेंगळुरूला. जखमी झालेल्या कमांडोला बाहेर काढायची सोय करून ते हल्लेखोरांच्या मागे एकटे गेले आणि २८ नोव्हेंबर २००८ ला ३१ व्या वर्षी गेले. त्यांची एनएसजीची (दहशतवादविरोधी कमांडो दलाची) तुकडी मानेसरहून विमानाने यायला किती वेळ गेला त्यावर तेव्हा खूप बोंब झाली होती, आणि २००९ मध्ये मुंबईत एनएसजीचं स्वतःचं हब सुरू झालं.