परिचय-उपक्रम (वर्गातील)

वर्गात आलेल्या नव्या विद्यार्थ्यांची एकमेकांशी आणि शिक्षकांशी ओळख व्हावी, म्हणून सत्राच्या सुरुवातीला घेतलेले छोटे खेळ, प्रश्न किंवा जोडीकाम म्हणजे परिचय-उपक्रम. शिक्षकांच्या बोलण्यात यासाठी ‘आइसब्रेकर’ हा शब्दही रुळला आहे.

एकेकाने उभे राहून नाव आणि आवड सांगायची, हा सर्वांत रूढ प्रकार. ओळख होण्याच्या दृष्टीने मात्र तोच सर्वांत कच्चा. पाळी जवळ आलेले मूल शेजाऱ्याचे ऐकत नाही, ओठांतल्या ओठांत आपले वाक्य घोळवत असते. मानसशास्त्रज्ञ माल्कम ब्रेनर यांनी १९७३ मध्ये हे प्रयोगातून दाखवले. पाळीपाळीने शब्द मोठ्याने वाचणाऱ्यांना आपल्या पाळीच्या अगदी आधी उच्चारलेले शब्द सर्वांत कमी आठवले. म्हणून सुरुवात जोडीने करावी आणि मग प्रत्येकाने जोडीदाराची ओळख चौघांच्या गटात करून द्यावी. दुसऱ्याविषयी सांगायचे असले की मूल आपसूक लक्ष देऊन ऐकते, आणि लाजऱ्या मुलालाही स्वतःबद्दल बोलण्यापेक्षा हे सोपे जाते.

प्रश्न निवडणे हे नियोजनातले खरे जोखमीचे काम. ‘सुट्टीत कुठे गेला होतास?’, ‘वडील काय करतात?’ हे प्रश्न निरुपद्रवी वाटतात, पण जे मूल कुठेच गेले नाही किंवा ज्याला वडील नाहीत, त्याला ते पहिल्याच दिवशी उघडे पाडतात. ‘तुला कोणता आवाज आवडतो?’ याला प्रत्येकाकडे उत्तर असते. मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अनोळखी व्यक्तींच्या जोड्यांना ३६ प्रश्न दिले होते. ते क्रमाक्रमाने अधिक खासगी होत जात, आणि नुसत्या गप्पा मारलेल्या जोड्यांपेक्षा या जोड्यांना परस्परांविषयी अधिक जवळीक वाटली. वर्गासाठी यातला चढता क्रम तेवढा घ्यावा, खासगीपणा नव्हे. उत्तर द्यायचे नसेल तर ‘पास’ म्हणण्याची मुभा सुरुवातीलाच जाहीर करावी.

मोठ्या वर्गात चौकटींचा खेळ चांगला चालतो. ‘शिट्टी वाजवता येते’, ‘डावखुरा आहे’ अशा चौकटींचा कागद घेऊन मुले फिरतात आणि त्या त्या चौकटीत बसणाऱ्याची सही घेतात. ‘दोन खऱ्या, एक खोटी’ (स्वतःविषयी दोन खऱ्या आणि एक खोटी गोष्ट सांगायची, खोटी कोणती ते इतरांनी ओळखायचे) हा खेळ मोठ्या मुलांना रुचतो. लहानांना खोटे रचणे अवघड जाते.

नावांची तयारी आदल्या दिवशीच व्हायला हवी. हजेरीपट वाचून अनोळखी नावांवर खूण करावी आणि त्यांचा उच्चार त्या मुलालाच विचारावा. घडी घातलेल्या जाड कागदावर दोन्ही बाजूंनी नाव लिहिले, की मागच्या बाकावरूनही ते वाचता येते. हे कागद आठवडाभर बाकांवर राहू द्यावेत. सत्राच्या मध्येच दाखल होणाऱ्या मुलाचा विचार बहुतेक नियोजनांत राहून जातो. त्याच्यासाठी एक कोरा कागद आणि दहा मिनिटांचे जोडीकाम राखून ठेवावे.