वसाहतकालीन दैनंदिन जीवनाचे शालेय अध्यापन (अमेरिका)

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील इंग्रज वसाहतींत लोक काय खात, कुठे झोपत, मुलांच्या वाट्याला कोणती कामे येत, हे वस्तू हाताळून आणि कामे स्वतः करून शिकवण्याची तेथील प्राथमिक शाळांतील पद्धत. मराठीत ‘वसाहतकाळ’ म्हटले की आपल्याकडचा इंग्रजी अंमल आठवतो. तिथे मात्र १७७६ पूर्वी मूळ रहिवाशांच्या भूमीवर येऊन वसलेल्या गावांचा काळ अभिप्रेत असतो. विषय बहुधा तिसरी ते पाचवीत येतो आणि अनेक शाळांत त्याची सांगता ‘वसाहत दिना’ने होते : टोप्या, एप्रन, हाताने काढलेले लोणी, मेणबत्त्या. तेथे राहणाऱ्या मराठी पालकांना हा दिवस मुख्यतः आदल्या रात्रीच्या शिवणकामामुळे ठाऊक असतो.

पद्धतीतला मोठा दोष काळाच्या सरमिसळीचा. व्हर्जिनियातले जेम्सटाउन (१६०७), मॅसॅच्युसेट्समधले प्लिमथ (१६२०) आणि अठराव्या शतकातले व्हर्जिनियाचेच विल्यम्सबर्ग यांचे एकच गाठोडे बांधले जाते. प्लिमथमध्ये पहिली गुरे १६२४ मध्ये उतरली. तेव्हा १६२१ च्या सुगीच्या जेवणात (ज्याला पुढे ‘पहिले थँक्सगिव्हिंग’ म्हटले गेले) गाईच्या दुधाचे लोणी दाखवणे चूक. ओंडक्यांची घरे इंग्रजांची नव्हेत, ती पद्धत डेलावेअर खोऱ्यात स्वीडिश लोकांनी आणली. इंग्रजांची घरे लाकडी सांगाड्याची. बकल लावलेल्या काळ्या टोप्या ही तर एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकारांची देणगी. म्हणून जाणते शिक्षक आधी एक गाव आणि एक साल ठरवतात. प्लिमथसाठी १६२७ सोयीचे, कारण त्या वर्षी वसाहतीच्या गुरांची रहिवाशांत वाटणी झाली आणि तिची नोंद शिल्लक आहे : प्रत्येकी १३ जणांचे १२ गट, म्हणजे १५६ माणसे, लहान मुलांसकट नावानिशी. वर्गातल्या प्रत्येकाला त्यातले एक नाव देता येते. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या तेथील संग्रहालयाने (२०२० पासून ‘प्लिमथ पटक्सेट’) आपले इंग्रज गावही बराच काळ याच सालावर बेतले होते.

लोणी काढणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत जास्त बिघडणारा प्रयोग. अर्ध्या लिटरच्या झाकणाच्या बरणीत २५० मिलि. क्रीम घ्यावे, बरणी अर्ध्याहून जास्त भरली तर आत हिसका बसत नाही. क्रीम ३५ टक्क्यांहून अधिक स्निग्धांशाचे हवे. २५ टक्क्यांचे पाकीटबंद क्रीम कितीही हलवले तरी बहुधा फेसावरच थांबते. तापमान १५ ते १८ अंश सेल्सिअस ठेवावे. फ्रिजमधून काढलेले क्रीम वेळ खाते, कोमट झाले तर लोणी दाणेदार न होता तेलकट लगदा होतो. चारेक मिनिटांत क्रीम घट्ट होते आणि बरणीत काही हलेनासे होते. मुले नेमकी इथेच ‘झाले’ म्हणून थांबतात. पुढे हलवत राहिले की दाणे सुटतात आणि ताक वेगळे होते. सारे मिळून १०-१५ मिनिटे, हाती साधारण १०० ग्रॅम लोणी. ते गार पाणी निवळ निघेपर्यंत धुवावे, नाहीतर आत राहिलेल्या ताकाने आंबते. आपली रवी दोरीने फिरते. तिथल्या उभ्या लाकडी बुधल्यात दांडा वरखाली हाणत. ही तुलना मराठी मुलाला चटकन कळते.

मेणबत्तीसाठी वातीच्या टोकाला छोटे वजन बांधतात, नाहीतर ती वाकडी होते. उंच डब्यातले मधमाश्यांचे मेण गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून सुमारे ७० अंशांवर राखायचे, वात क्षणभर बुडवून काढायची आणि मिनिटभर निवू द्यायची. असे २० ते ३० वेळा. मेण फार तापले तर आधीचा थर वितळतो, निवले तर गुठळ्या चढतात. मुलांनी टेबलाभोवती गोल चालत राहिले की निवायचा वेळ आपोआप मिळतो. डब्यापाशी मात्र मोठे माणूस हवेच. मूळ मेणबत्त्या बहुतेक जनावरांच्या चरबीच्या, दुर्गंधी सोडणाऱ्या. शरदात जनावरे कापली की त्या करत आणि उंदरांनी कुरतडू नयेत म्हणून पेटीत ठेवत.

हॉर्नबुक, म्हणजे मुठीच्या फळीवर अक्षरांचा कागद आणि वर शिंगाचा पारदर्शक पापुद्रा, पुठ्ठा व प्लास्टिक वापरून तासाभरात होते.

प्लिमथ वसले ती जागा तिथल्या मूळ रहिवाशांच्या, वाम्पानोआग लोकांच्या, पटक्सेट गावाची. १६१६–१९ च्या साथीने ते ओस पडले होते. मूळ रहिवाशांच्या वेषात मुलांना उभे करू नये. संग्रहालयातही इंग्रज गावातले कर्मचारी जुन्या माणसांच्या भूमिकेत बोलतात, मूळ रहिवासी कर्मचारी मात्र आजच्या काळातले म्हणूनच. त्यापेक्षा मूळ रहिवाशांच्या शेतीप्रमाणे मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावावेत. मका १०-१५ सें.मी. झाल्यावर घेवडा, मग भोपळा. एकदम लावल्यास घेवडा मक्याला लोळवतो. मका एका ओळीत न लावता चौकोनात लावावा, नाहीतर परागीभवन अपुरे होऊन कणसे छिदरी राहतात.

व्हर्जिनियाचा धडा घेताना गुलामगिरी वगळता येत नाही. अठराव्या शतकात विल्यम्सबर्गच्या निम्म्याहून अधिक वस्ती कृष्णवर्णीयांची होती; ‘वसाहतीतली घरकामे’ शिकवताना पाणी कोण भरत होते, हे सांगावेच लागते. गुलामांच्या लिलावाचे नाटक कधीही बसवू नये, अशा प्रयोगांवरून पालकांनी रास्त संताप केला आहे. मालकाच्या मृत्यूनंतर केलेल्या मालमत्तेच्या याद्या वाचायला द्याव्यात. त्यांत भांडी, बैल आणि माणसांची नावे एकाखाली एक, किमतींसह येतात. मुले तिथे थबकतात आणि प्रश्न विचारतात. तास संपायला पाच मिनिटे असताना ही यादी वाटू नये.