एनबीएचा शेरा आणि कॉलेजचं उत्तर

१९९४ मध्ये तंत्रशिक्षणाची नियामक संस्था एआयसीटीईने अभ्यासक्रमांना अधिस्वीकृती देणारी एनबीए स्थापन केली, तेव्हा तपासणीला येणाऱ्या कमिटीचं लक्ष मुख्यतः साधनांवर असे: प्रयोगशाळेत यंत्रं कोणती, ग्रंथालयात पुस्तकं किती, शिक्षक किती. कमतरतांवरचे शेरे त्याच जातीचे, उत्तरंही सोपी. यंत्र घ्यायचं, बिल आणि डेडस्टॉक (टिकाऊ सामानाच्या) रजिस्टरची नोंद जोडायची, मुद्दा मिटला.

भारत २००७ मध्ये अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेच्या वॉशिंग्टन कराराचा तात्पुरता सदस्य झाला, २०१० मध्ये एनबीए स्वायत्त झाली आणि जून २०१४ मध्ये पूर्ण सदस्यत्व मिळालं. त्यासाठी मूल्यमापन साधनांवरून विद्यार्थी काय शिकला यावर न्यावं लागलं. शेऱ्याचं स्वरूप बदललं. बिल जोडायची सवय मात्र अनेक विभागांत टिकून राहिली. खरी अडचण इथेच आहे.

संलग्न कॉलेजांसाठी २०१५ च्या एसएआर (कॉलेजने स्वतः भरायचा मूल्यमापन अहवाल) नमुन्यात एकूण १००० गुण होते. त्यात सीओ-पीओला (एक विषय किंवा पूर्ण अभ्यासक्रम शिकून विद्यार्थ्याला काय यायला हवं, ती उद्दिष्टं) १२० आणि सातत्यपूर्ण सुधारणेला ५०. या ५० गुणांच्या भागात प्रत्येक पीओसाठी लक्ष्य, अटेनमेंट (प्रत्यक्ष गाठलेली पातळी), निरीक्षण आणि केलेली कृती लिहायची असते. समजा डिझाइनच्या पीओचं लक्ष्य २ आहे, अटेनमेंट १.४ आणि कृतीत लिहिलंय ‘जादा तास घेतले’. युनिट टेस्टच्या प्रश्नपत्रिका काढून बघितल्या तर सगळे प्रश्न व्याख्या आणि सिद्धतेचे. डिझाइनचा एकही नाही. मग जादा तासांनी आकडा हलणार कसा? इथे प्रश्नपत्रिका बदलायला हवी, मिनी प्रोजेक्टला रुब्रिक (गुण देण्याचे ठरलेले निकष) लावायला हवं, आणि पुढच्या वर्षी त्याच सूत्राने पुन्हा मोजायला हवं. काही विभाग लक्ष्यच १.४ वर आणतात किंवा सूत्र बदलतात. तीन वर्षांचे तक्ते शेजारी ठेवले की ते लगेच दिसतं, आणि मग बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

शिक्षक-विद्यार्थी प्रमाणाचं तसंच. ते तीन वर्षांच्या सरासरीवर ठरतं. दोन वर्षं १:२६ आणि १:२५ असताना व्हिजिटच्या वर्षी घाईने भरती करून १:१५ केलं, तरी सरासरी १:२२ येते. त्यात ऐन वेळी नेमलेल्यांची नियुक्तीपत्रं, पगारपत्रकं आणि फॉर्म १६ जुळले नाहीत तर गुणांसोबत विश्वासार्हताही जाते.

अभ्यासक्रमातल्या उणिवेवर संलग्न कॉलेजचे हात बांधलेले असतात, कारण अभ्यासक्रम विद्यापीठाचा. विद्यापीठाला लेखी सूचना पाठवणं आणि मधली दरी ‘अभ्यासक्रमाबाहेरच्या’ व्याख्यानांनी किंवा प्रयोगांनी भरणं, एवढंच त्यांच्या हाती राहतं. तिथेही नुसती विषयांची यादी पुरत नाही. तारीख, हजेरी आणि तो विषय कोणत्या पीओची कमतरता भरतो याची नोंद त्याच वेळी झालेली असावी लागते. व्हिजिटच्या आदल्या महिन्यात एकाच शाईने भरलेलं रजिस्टर कमिटीच्या नजरेतून सुटत नाही.